जाते, हातपंप आणि एक मत



पूर्णेच्या काठच्या केदारखेड्यातील सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही दादीजवळ घटकाभर बसा आणि तिच्या तरुणपणाची पहाट कशी होती ते विचारा. फजरच्या अजानीपूर्वी जात्याची घरघर सुरू होई. उजाडले की घागर घेऊन विहीर किंवा नदी गाठायची, आणि उन्हाळ्यात तर वाळूत झरा खणून वाटी वाटी पाणी भरायचे. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली, शिवणयंत्र आले, हातपंप आला. या हातपंपाच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचे नावही आहे. जुने बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनविलेले असत, त्यामुळे सारे गाव पाणी भरू लागले की ते मोडत. 1970 च्या आसपासच्या वर्षांत जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधील लोकांनी पोलादाचा, दणकट बांध्याचा पंप तयार केला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि त्यातूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप आकाराला येऊन आफ्रिकेच्या खेड्यांपर्यंत पोहोचला.

ही अल्लाहची कृपाच होय. परंतु यंत्राने वाचविलेला तास अखेर कोणाच्या वाट्याला गेला, हा प्रश्न आपण घराघरांत कधी विचारला आहे काय?

आदरणीय फातिमा (रजि.) यांच्या हातांना जात्याने घट्टे पडले होते. सेवक मागावा म्हणून त्या पित्याच्या घरी गेल्या, पण भेट झाली नाही. रात्री आदरणीय प्रेषित (स.) स्वतः त्यांच्याकडे आले आणि सेवकापेक्षा उत्तम गोष्ट म्हणून झोपण्यापूर्वीचा जिक्र त्यांनी कन्या व जावई दोघांनाही शिकविला: 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर. आपल्या मजलिशींत ही हदीस बहुधा स्त्रियांना सब्र शिकविण्यासाठी सांगितली जाते. लेकीचे गाऱ्हाणे कानी पडताच पिता रात्री उठून तिच्या दारी गेला, हा तिचा अर्धा भाग मात्र पुरुषांना क्वचितच ऐकविला जातो. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, ही आदरणीय आयशा (रजि.) यांची साक्षही आपण अशीच घाईने वाचून पुढे जातो.

गिरणी आपण चटकन स्वीकारली, कारण भाकरी लवकर मिळू लागली. मताधिकाराचे तसे झाले नाही.

केदारखेडा त्या काळी औरंगाबाद जिल्ह्यात आणि हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या राजवटीत सार्वत्रिक मताधिकार नव्हताच, तो पुरुषालाही नव्हता. इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला 1928 उजाडले. आपल्या गावात मात्र संविधानाने शेतकऱ्याला आणि त्याच्या बायकोला ते एकाच दिवशी दिले. म्हणजे नवऱ्याने आपल्या पदरचे काही बायकोला दिले, असे येथे घडलेच नाही. ही गोष्ट आपण विसरतो. 1952 च्या त्याच निवडणुकीत मासूमा बेगम हैदराबादच्या विधानसभेवर निवडून आल्या. पडदानशीन स्त्रियांना संकोच वाटू नये म्हणून कितीतरी ठिकाणी त्यांच्यासाठी स्वतंत्र मतदान केंद्रेही उघडली गेली होती.

आणि तरीही देशभरात सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गळाली. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतील होत्या. नाव विचारले असता त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही. हा निर्णय कठोर वाटतो. मला तो योग्य वाटतो. कयामतच्या दिवशी तरी ‘अमक्याची बायको’ म्हणून कोणाचा हिशोब होणार आहे? कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही, हे तर पवित्र कुरआनने स्पष्टच सांगितले आहे.

मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताला साक्ष, शिफारस आणि वकालत म्हटले आहे. साक्ष पढवून घेता येते काय? मतदानाच्या आदल्या रात्री ‘उद्या या चिन्हासमोरचे बटण दाब’ असे घरात सांगणारा पुरुष स्वतःला कुटुंबप्रमुख समजत असतो. वस्तुतः तो साक्षीदाराला पढवीत असतो. आणि ती स्त्रीही ‘मला सांगितले म्हणून मी दाबले’ असे म्हणून सुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, घरात एकी नको काय? हवीच. पण सल्लामसलत निराळी आणि हुकूम निराळा. हुदैबियाच्या कठीण प्रसंगी प्रेषितांनी (स.) आदरणीय उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला ऐकला आणि त्याप्रमाणे वागले. सूरह मुम्तहिनात स्त्रियांची बैअत आहे. ती त्यांनी स्वतः दिली, त्यांच्या वतीने पतीने नव्हे. बैअत आणि मतदान या एकच गोष्टी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु तिसऱ्या खलीफांच्या निवडीच्या वेळी आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी लोकांचे मत अजमावताना पडद्यातील स्त्रियांनाही विचारले होते, असे इब्ने कसीर नोंदवितात. त्यांनी स्त्रियांना विचारले. त्यांच्या नवऱ्यांना विचारून काम भागविता आले असते, तसे त्यांनी केले नाही.

महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि कागदावर सही तिची असताना खुर्चीवर तिचा नवरा बसलेला आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्यावर आपण हसतो. पण तसेच हुकमाचे बटण आपल्या घरातही दाबले जात असेल, तर हसण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

पुढच्या निवडणुकीची मतदारयादी गावात लागली की घरातील स्त्रियांना ती स्वतः पाहू द्या. आपले नाव बरोबर छापले आहे की नाही, ते त्यांनाच शोधू द्या. दादीला अक्षर दिसत नसेल, तर आधी तिला चष्मा घेऊन द्या. आणि मतदान करून ती घरी परतली की तिला चहा द्या, पण मत कोणाला दिलेस, हे विचारू नका.