धिंडीचा व्हिडिओ

परवा सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ आला. चार पोरं लंगडत चाललेली, मागे काठ्या घेतलेले पोलीस, वर कुठल्याशा सिनेमातलं गाणं चिकटवलेलं. ज्या चौकात कोयते नाचवून गाड्यांच्या काचा फोडल्या, त्याच चौकातून धिंड. खाली टाळ्यांची रांग. त्यात एक टाळी माझी. खोटं कशाला बोलू, दोन वर्षांपूर्वी माझ्याही गाडीची काच अशीच फुटली होती.

दुसऱ्यांदा पाहताना कडेच्या पायरीवर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दिसली. चौघांतल्या शेवटच्याकडे ती बघत होती. मग तिने दप्तर तोंडापुढे धरलं.

पोलिसांनी समाजमाध्यमांवर येऊच नये, असं मी म्हणणार नाही. हेल्मेटवर किंवा ओटीपीवर मुंबई पोलिसांनी केलेल्या कोट्या आपण हसत हसत पुढे पाठवतोच. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेच एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका म्हणून सांगितलं, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळून. म्हणजे काय उघडं करायचं आणि काय झाकायचं, हा विचार झालेला आहे. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्टला, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो बेड्या पडल्या म्हणून गळून पडत नाही.

पत्रकार परिषदेत आरोपीच्या डोक्यावर बुरखा असतो, तोही काही त्याच्या अब्रूच्या काळजीने नव्हे. पुढे ओळख परेड असते. साक्षीदाराने चेहरा आधीच मोबाइलवर पाहिला, तर बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. धिंडीत तेवढाही बुरखा नाही. चौघांतला एखादा सतरा वर्षांचा निघाला तर? पोलिसांच्याच कागदावर तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४ त्याची ओळख उघड करू देत नाही. गाणं लावून व्हिडिओ टाकणाऱ्याने जन्मदाखला पाहिला होता का?

आणि कुणी निर्दोष सुटला, तर त्याचा व्हिडिओ कोण काढणार? त्यावर गाणं कुठलं लावणार?

रात्री मी माझी टाळी काढून टाकली. सकाळी तोच व्हिडिओ नाशिकच्या मावसभावाकडून आला. वर लिहिलेलं, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’.