शेवंडीचे जेवण

प्रवासाला निघालेल्या माणसाची जीभ त्याच्या पायांच्या आधीच मुक्कामाला पोचलेली असते. हिवाळ्यात इंदूरला जाणाऱ्याला सराफ्यातला गराडू दिसू लागतो, आणि बेटावर जाणाऱ्याला शेवंड. गेल्या नाताळच्या सुटीत, न्यायालये बंद असताना, आम्ही अंदमानास गेलो, तेव्हा माझ्या मनात समुद्र, प्रवाळ आणि सेल्युलर जेल यांच्याबरोबरच एक चौथी इच्छाही होती, हे मी लपवीत नाही. समुद्राच्या काठी जन्मलेल्या गोमंतकीयाने शेवंड खाण्यासाठी दुसऱ्या समुद्रावर जावे, हे थोडे हास्यास्पद आहे खरे. परंतु आमच्याकडची मोठी शेवंड हॉटेलांकडे नाही तर परदेशी जाते; घरच्या चुलीपर्यंत ती क्वचितच पोचते.

श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, सोडून आम्ही बोटीने स्वराज द्वीपावर उतरलो. हॅवलॉक हे त्याचे जुने नाव. ते २०१८ मध्ये बदलले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी हे बेट वसविले, आणि त्यांच्या गावांची नावे गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर अशी आहेत. ज्यांचे घरदार गेले त्यांनी नव्या भूमीवर प्रथम देवाचे नाव लिहिले, हे पाहून माझ्या आईने बोटीतून उतरताच हात जोडले.

पहिल्या संध्याकाळी मिळालेली शेवंड बर्फात दिवस काढलेली होती. तिचे मांस चिवट झाले होते. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि होड्या बाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही पत्र्याच्या छपराच्या एका लहानशा खाणावळीत गेलो. मालक तोच आचारी. सारे त्याला दादा म्हणत. त्याने कौतुकाने आम्हांला मागे नेले. एका टबात, ओल्या गोणपाटाखाली, एक मोठी शेवंड जिवंत होती. उष्ण समुद्रातल्या या शेवंडीला थंड समुद्रातल्या तिच्या नातलगांसारख्या जाड नांग्या नसतात. लांब काटेरी मिशा हेच तिचे शस्त्र. दादाने तिला पाठीकडून उचलले आणि वजनकाट्यावर ठेवण्यासाठी उलटी केली. तिच्या शेपटीखाली नारिंगी दाण्यांचा दाट घोस चिकटलेला होता.

“गाबोळीची आहे रे ही,” आई म्हणाली.

दादाला शब्द कळला नाही, पण बोट कळले. तो म्हणाला की चिंता नको, ते खरवडून टाकतो आणि त्याचे वजन धरीत नाही. त्याच्या बाजूने हा व्यवहार अगदी प्रामाणिक होता.

“नको,” आई म्हणाली. “ही सोडून द्यायला सांग.”

मी ते दादाला सांगितले. तो हसला. पाणबुड्याला त्याने सकाळीच पैसे दिले होते. पूर्ण किंमत देऊन ती आपण सोडवावी, हे मला त्या क्षणी सुचले नाही असे लिहिले तर ते असत्य ठरेल. सुचले, मी मनातल्या मनात हिशेब केला आणि गप्प राहिलो. आम्ही सुरमई मागविली. दहा मिनिटांनी शेजारच्या मेजावर चार तरुण आले, आणि अर्ध्या तासाने तीच शेवंड, खरवडून आणि भाजून, आमच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पुढ्यात आली.

माझ्या पत्नीने सरळ प्रश्न केला, “अहो, मग आपण न खाऊन काय साधले? आणि घरी आई सुरमईची गाबोळी तळतात, ती आपण आवडीने खातोच ना?”

आईने यावर दिलेले उत्तर मला पूर्ण पटले नाही, पण ते विसरताही आले नाही. ती म्हणाली, “बाजारातली गाबोळी मेलेली येते. ही माझ्या शब्दाची वाट पाहत होती.”

त्या रात्री मला झोप लवकर आली नाही. चांगले जेवण म्हणजे काय? ताजे, नीट शिजविलेले आणि रास्त दराचे, असे आपण म्हणतो. या तिन्ही कसोट्या जिभेच्या आणि खिशाच्या आहेत. जेवण चांगले होण्यासाठी ते ज्या रीतीने ताटात आले ती रीतही चांगली असावी लागते काय?

मी वकील असल्यामुळे प्रथम कायद्याकडे वळलो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मनुष्याव्यतिरिक्त कोणताही सजीव अशी आहे. म्हणजे शेवंडही तिच्यात येते. अन्नासाठी केलेल्या वधाला तो अधिनियम सूट देतो, परंतु अनावश्यक यातना दिल्यास ती सूट उरत नाही. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये शुद्धीवर असलेली शेवंड उकळत्या पाण्यात टाकण्यास मनाई केली, आणि ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे-शेवंडींच्या वर्गाला संवेदना असलेल्या जीवांत गणले. गाबोळीच्या प्रश्नाशी जवळचा असा आपल्याकडचा नियम २००३ चा आहे: ठराविक वजनाखालची शेवंड निर्यात करू नये, आणि जातीनुसार ते वजन १५० पासून ५०० ग्रॅमपर्यंत ठरविले आहे. हेतू असा की प्रत्येक मादीला निदान एकदा तरी अंडी सोडता यावीत. पण तो आदेश बंदरावरच्या पेटीला लागू आहे, आपल्या ताटाला नाही. परदेशी पाहुण्याच्या जिभेपासून जे पिल्लू वाचवायचे, ते घरच्या पाहुण्याच्या जिभेपासून वाचविण्याचे काम त्या आदेशाने ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडले आहे.

आणि हा विवेक सुटला की काय होते, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मुंबईसमोरच्या समुद्रात चपट्या जातीची शेवंड विपुल मिळत असे. ट्रॉलरच्या जाळ्यांत लहानमोठी, गाबोळीची, सगळीच येत गेली, आणि १९९४ च्या सुमारास ती मासेमारी संपुष्टात आली. एक मादी लाखो अंडी वाहते; त्यांतून निघालेली काचेसारखी पारदर्शक पिल्ले कित्येक महिने उघड्या समुद्रात तरंगतात, आणि त्यांतली फारच थोडी खडकांच्या कपारीपर्यंत पोचतात. निसर्गाने लाखांची तरतूद उधळपट्टी म्हणून केलेली नाही. तोटा गृहीत धरून केली आहे. आमच्या ताटाचा तोटा त्या हिशेबात धरलेला नव्हता.

आता पत्नीच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. मी खाल्ली नाही, दुसऱ्याने खाल्ली. शेवंड वाचली नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिवधाच्या दोषाचे वाटेकरी मोजले आहेत: अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा. सामाईक उत्तरदायित्वाचे इतके काटेकोर कलम आधुनिक संहितांतही विरळाच. त्या यादीकडे पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. मी वाटेकरी आहे की नाही, हा प्रश्न शेवंड वाचली की नाही यावर अवलंबून नाही. न्यायालयात कोणी असा बचाव घेतला की मी चोरीचा माल घेतला नसता तर शेजाऱ्याने घेतलाच असता, तर न्यायाधीश तो ऐकूनही घेणार नाहीत. तथापि यावरून मी पुण्यवान ठरत नाही. सोडविण्याची किंमत माझ्याजवळ होती आणि मी ती दिली नाही. माझी निवृत्ती स्वस्तातली होती, एवढे कबूल केले पाहिजे.

मग दादा दोषी काय? येथे मला महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध आठवतो. मांस विकणारा तो मनुष्य तपस्वी कौशिकाला धर्म शिकवितो. तो स्वतः वध करीत नसे, मांस खात नसे. परंपरेने आलेला उद्योग सचोटीने करून आईवडिलांची सेवा करीत असे. कौशिक त्याच्याकडे गेला तो शिकण्यासाठी, त्याला शिकविण्यासाठी नव्हे. ज्या कुटुंबाने घरदार गमावून जंगलात गाव वसविले, त्याला मी चार दिवसांचा पाहुणा समुद्राचे धर्मशास्त्र सांगू लागलो, तर ती आगळीक होईल. पाणबुड्याला तेल-मीठ घ्यायचे आहे, दादाला मुलांची फी भरायची आहे. त्यांच्याजवळ गरज आहे. माझ्याजवळ काय होते? केवळ इच्छा.

माझ्या मते या प्रश्नाची किल्ली येथे आहे. पुराव्याचा भार कोणावर, हे ठरले की अर्धा खटला सुटतो. भुकेल्याने आपल्या घासाचे समर्थन करण्याची गरज नाही. तो भार त्याच्यावर टाकणे हाच अन्याय. परंतु ज्याचे या घासावाचून काही अडत नाही, जो केवळ आनंदासाठी दूरवर आला आहे आणि चार दिवसांनी निघून जाणार आहे, ज्याच्या भोजनाचे परिणाम त्याच्या माघारी दुसऱ्यांनीच भोगायचे आहेत, त्याने विचारलेच पाहिजे: ही कोठून आली, केवढी होती, गाबोळीची होती काय, कशी मारली? आनंद घेऊ नये असे मी म्हणत नाही. सोमवार आणि एकादशी पाळणारे आमचे मत्स्याहारी समाज आनंदाचे शत्रू कधीच नव्हते. त्यांनी जिभेला एवढेच शिकविले की सगळे दिवस तिचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाकडे गेलो आणि विचारले की गाबोळी नसलेली, चांगल्या वजनाची मिळेल काय. त्याने वाद घातला नाही. केकची मागणी नोंदवावी तसे वहीत लिहिले, ‘बिना अंडा’. संध्याकाळी पाऊण किलोचा एक नर आला. दादाने तो बर्फात ठेवून निपचित होऊ दिला, मग एका घावात डोके चिरले, आणि लसूण, लोणी व नारळाचा रस लावून निखाऱ्यांवर भाजला. मी, पत्नी आणि मुलगा जेवलो. मांस गोड होते, लुसलुशीत होते. इतकी उत्तम शेवंड मी पूर्वी खाल्ली नव्हती. सोमवार असल्याने आईने वरणभात घेतला आणि आमच्या ताटांकडे पाहत, चव कशी आहे असे दोनदा विचारले.

माझा भार पूर्ण उतरला असे मी म्हणत नाही. जीव गेला तो गेलाच. शिवाय पत्नीचा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. गोव्याला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात बाजारात सुरमई आली, आणि कोळणीने नेहमीच्या प्रेमाने आईसाठी गाबोळी वेगळी काढून ठेवली होती. आईने ती हातात घेतली, थोडा वेळ पाहिली आणि मला म्हणाली, “तूच सांग आता.” मी पंचवीस वर्षे दुसऱ्यांचे खटले चालवीत आलो आहे, या खटल्यात मी तारीख मागून घेतली.