सद्भावनेने मारलेली छडी

1860 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या ईस्टबोर्न गावी थॉमस हॉप्ली या शिक्षकाने आपल्याकडे शिकायला ठेवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला काठीने आणि दोरीने इतकं झोडपलं की मुलगा दगावला. त्याचा हट्ट मोडण्यासाठी मार द्यावा लागेल, असं हॉप्लीने वडिलांना आधीच पत्राने कळवलं होतं. वडिलांनी होकारही दिला होता. हॉप्लीला चार वर्षांची शिक्षा झाली. पण त्या खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी मांडलेलं तत्त्व पुढे शंभर-सव्वाशे वर्षं टिकून राहिलं: पालकाने किंवा शिक्षकाने मुलाच्या सुधारणेसाठी माफक आणि वाजवी मार द्यायला हरकत नाही, तो रागाच्या भरात नसावा, मर्यादेबाहेर जाऊ नये.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्याकडे भारतीय दंड संहिता मंजूर झाली. तिच्या 89 व्या कलमानुसार बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने, किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्या कुणी, सद्भावनेने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. संमती उघड असायलाच हवी असं नाही, गर्भितही चालते. मुलाचं नाव शाळेत घातलं की तीही दिली असं मानायला न्यायालयांना जड गेलं नाही. "गुरुजी, चामडी लोळवा, पण पोरगं वळणावर आणा," असं सांगणाऱ्या बापांना हे कलम ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते त्यांच्या तोंडी आधीपासूनच होतं.

आमच्या शाळेत निरगुडीचा फोक ज्याला मार खायचा त्यानेच तोडून आणायचा असे. लहान आणला तर परत पाठवत. हात पालथा धरायला लावत, कारण तळव्यापेक्षा बोटांच्या पेरांवर जास्त लागतं. सगळा वर्ग हे बघत असे आणि एक गोष्ट न शिकवताच शिकत असे: फोक कुणावर जोरात पडतो आणि कुणावर नुसता टेकतो. ज्याचे वडील कचेरीत साहेब होते त्याच्या हातावर तो टेकायचा. ज्याची आई शेतमजुरीला जायची आणि शाळेचा उंबरा चढायला बिचकायची, त्याला वळ उठायचे. चुका दोघांच्या सारख्याच असत. हात कुणावर उचलायचा हे चूक ठरवत नाही; उलट जाब विचारायला कोण येईल, यावर ते ठरतं. पाच वर्षं लाड, दहा वर्षं ताडन आणि सोळाव्या वर्षी मित्र, असं सांगणारं जुनं सुभाषित प्रसिद्ध आहे. सोळाव्या वर्षी मुलाला अक्कल येते म्हणून मार थांबतो, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मला वाटतं, त्या वयात मुलगा बापाच्या खांद्याला लागतो, एवढंच खरं कारण असावं.

म्हणून हेतू चांगला होता का, हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. हेतू सांगतो तो मारणारा. माफक किती हे ठरवणाराही तोच. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत आपण आरोपीला इतकी मोकळीक देत नाही. गुन्हेगाराच्या पाठीवर फटके मारण्याची शिक्षा भारताने 1955 साली कायदा करून बंद केली. चोरी सिद्ध झालेल्या प्रौढ माणसाची पाठ वाचली. गृहपाठ न केलेल्या मुलाच्या पाठीसाठी देशभर लागू होणारी तरतूद यायला शिक्षण हक्क कायद्याची, म्हणजे 2009 सालाची, वाट पाहावी लागली. त्याआधी 2000 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळा नियमावलीतली छडीला परवानगी देणारी तरतूद रद्द केली होती, आणि गोव्याने 2003 च्या बाल कायद्यात शाळेतल्या माराला बंदी घातली होती.

शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. मोडणाऱ्यावर मात्र सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई, एवढंच. फौजदारी करायची तर दंड संहितेकडे, आता तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेकडे, जावं लागतं किंवा 2015 च्या बाल न्याय कायद्याकडे. त्यातल्या 75 व्या कलमात मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय तिथे गेल्यावरही सद्भावना आडवी येते. गोव्यातलंच उदाहरण घ्या. एका प्राथमिक शाळेत पाच वर्षांच्या मुलीने आपलं पाणी संपलं म्हणून दुसऱ्या वर्गात बहिणीच्या बाटलीतलं पाणी प्यायलं. बाईंनी दोघींना मारल्याचा आरोप झाला. बाल न्यायालयाने शिक्षा सुनावली, पण 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बाईंना निर्दोष सोडलं. पुराव्यात त्रुटी होत्या, आणि तेवढ्यावर सुटका झाली असती तर बोलण्यासारखं काही नव्हतं. न्यायालयाने त्यापुढे जाऊन म्हटलं की शिस्त लावण्यासाठी शिक्षकाला कधी थोडं कठोर व्हावं लागतं, तो गुन्हा नव्हे. बंदीचा कायदा होऊन वीस वर्षं झाली होती, आणि बोलत होते कॉकबर्नच.

मराठी वाचकाला सर्वांत प्रिय असलेला मार 'श्यामची आई'त आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली हे पुस्तक लिहिलं. पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई झोडपून विहिरीकडे पाठवते आणि नंतर पाठीवरचे वळ पाहून तिलाच गहिवरून येतं. ते प्रकरण मलाही हलवतं. पण मारणारी रडली म्हणून मार योग्य ठरला, हा निष्कर्ष आपण काढतो. तो त्या पुस्तकाच्या माथी मारू नये. श्यामला पोहता आलं ते विहिरीत त्याला धरायला माणसं होती म्हणून. वळांनी त्याला काठापर्यंत नेलं, आणि तिथवर न्यायला दुसरा मार्ग नव्हता असं समजण्याचं कारण मला दिसत नाही.

शिक्षकांची बाजू मी हलकी समजत नाही. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, आणि त्या शिक्षकाला अध्ये-मध्ये जनगणना, मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती भरणंही करावं लागतं. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींच्या हातून छडी काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही, ही तक्रार खरी आहे. मार दिला की मूल तेवढ्यापुरतं ऐकतं, असंही अनेकांना वाटतं. पण 2016 साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतल्या 75 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा चापटीच्या खात्यात आक्रमकपणा, खालावलेलं मानसिक आरोग्य आणि आई-बापांशी बिघडलेलं नातं जमा झालेलं दिसलं. मूल आतून सुधारल्याची नोंद नव्हती.

राहता राहिलं घर. तिथे कायदा अजून दाराबाहेरच उभा आहे. 2023 मध्ये दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता मंजूर झाली, वसाहतकालीन ओझं उतरवल्याची भाषणं झाली. 89 व्या कलमाला 27 हा नवा क्रमांक मिळाला. बारा वर्षं, पालकाची संमती आणि सद्भावना जिथल्या तिथे राहिली. शेजारच्या नेपाळने 2018 मध्येच घरातल्या मारालाही बंदी केली. उद्या प्रत्येक आई तुरुंगात जाईल, ही आपली नेहमीची भीती. पण स्वीडनने 1979 साली जगात पहिल्यांदा अशी बंदी घातली, तेव्हा त्या तरतुदीला शिक्षाच जोडली नव्हती. ती पालकत्वाच्या कायद्यात घातली आणि सरकारने नव्या नियमाची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली, म्हणजे सकाळी न्याहारीला आई-बाप आणि मुलं ती एकत्र वाचतील. आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर असं काही छापायचं झालं, तर आधी कलम 27 चं काय करायचं ते संसदेला ठरवावं लागेल.