सुनीतने खाली ठेवलेला झाडू



'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ ज्यांच्या घरी आहे, त्यांनी सुनीतची कथा वाचलीच असेल. राजगृहाचे रस्ते झाडून पोट भरणारा हा माणूस तथागत येताना पाहून भिंतीला चिकटून, हात जोडून उभा राहिला. तथागतांनी त्याला 'तुझे काम पवित्र आहे' असे सांगितले नाही. हेच काम निष्ठेने कर, पुढच्या जन्मी फळ मिळेल, असेही सांगितले नाही. त्याला संघात घेतले. सुनीतने झाडू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी राजगृहाचे रस्ते कोणी झाडले असतील? हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही, पण तो आपल्या दाराशी येऊन उभा आहे. 1927 साली महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. पुढे आपल्या वाडवडिलांनी ढोरे ओढणेही सोडले, त्यापायी बहिष्कार आणि मार सोसला. ते योग्यच झाले. आज बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली अशा ठिकाणी आपल्यातल्या अनेकांची पक्की घरे आहेत, घरात संडास आहे, मागे टाकी आहे. ती टाकी भरली की आपण कोणाला बोलावतो? गाडीने पातळ मैला ओढला, तरी तळाचा घट्ट गाळ राहतो. मग कोणीतरी म्हणतो, "दोनशे रुपये जास्त घे, पण आत उतरून साफ कर." उतरणारा आपल्याहून गरीब, बहुधा आपल्यानंतर जागा होणाऱ्या जातीचा. त्या क्षणी काठावर उभे राहून आपण नेमके कोणाच्या जागी उभे असतो?

आत काय असते तेही समजून घ्यावे. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार असेल तर नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, हवा बरी झाली. तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. 2023 च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात संडासाची टाकी साफ करताना पाच मजूर मेले. परभणी आपल्यापासून किती दूर आहे?

भुयारी गटाराच्या नळाचाही शत्रू हाच वायू आहे. नळाच्या वरच्या ओलसर भागावर जंतू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट खाते. म्हणजे जो वायू माणसाला मारतो, तोच नळाला पोखरतो, आणि पोखरलेला नळ दुरुस्त करायला पुन्हा माणूसच आत पाठविला जातो.

याला उपाय नाही असे कोणी सांगितले तर मानू नका. 1971 साली लंडनमध्ये एरिक वूड या अभियंत्याने रस्ता न खोदता विटांच्या जुन्या गटाराला आतून नवे अस्तर लावून दाखविले. पद्धत साधी आहे. गटारात आधी कॅमेऱ्याची गाडी सोडून भेगा पाहतात, जोरदार पाण्याने गटार धुतात आणि वरचे सांडपाणी पंपाने वळवितात. मग राळेत भिजविलेली जाड कापडी नळी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने, पायमोजा उलटा करावा तशी, एका मॅनहोलातून आत सारतात. ती जुन्या नळाच्या भिंतीला चिकटते. गरम पाण्याने किंवा वाफेने राळ कडक झाली की नळात नळ तयार! घरांच्या जोडण्या आतून यंत्राचे पाते फिरवून उघडतात. नळ अगदीच मोडला असेल तर तो आतूनच फोडून त्याच वाटेने नवा नळ ओढून घेतात. दिल्ली आणि मुंबईच्या जुन्या मलवाहिन्यांवर अस्तराची ही पद्धत वापरली गेली आहे.

परंतु यंत्रावर भाबडी श्रद्धा ठेवणे हे बौद्धाचे लक्षण नव्हे. या पद्धतीतही पाणी अडविण्याचा बोळा बसविताना कधी माणसाला मॅनहोलात उतरावे लागते, आणि राळेची वाफ स्वतःच अपायकारक असते. तेव्हा वायू मोजणे, हवा खेळविणे, कमरेला दोर आणि वर ओढणारी तिपाई ही साधने लागतातच. शिवाय उथळ गल्लीत खोदकामच स्वस्त पडते. आणि सर्वांत स्वस्त पडतो तो ज्याच्या मरणाचा कोणी हिशेब मागत नाही असा माणूस! यंत्र गोदामात पडून राहते ते यामुळे. 1945 साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हेच दाखविले, की भारतात माणूस सफाईच्या कामामुळे भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो. जन्माने ठरलेले काम कोणतेही यंत्र आपोआप पुसणार नाही.

कायदा आहे. 2013 चा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अंमलात आला. संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरविणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त नगरपालिकेला नाही, घरमालकालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृत्यूची भरपाई दहा लाख ठरविली, 2023 साली तीस लाख केली. पण भरपाई विधवेच्या हाती पडते, मेलेल्याच्या नाही.

सम्यक आजीविका म्हणजे केवळ माझी कमाई शुद्ध, एवढेच आपण धरून चाललो आहोत. दुसऱ्याला जी आजीविका आपण करावयास लावतो, तिचे काय? ज्याने झाडू ठेवला, त्याने तो शेजाऱ्याच्या हाती दिला तर सुनीत सुटला, पण झाडू सुटला नाही.

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक गावांत अजून उघडी गटारे आणि टाक्याच आहेत. जेथे भुयारी गटाराची योजना येईल, तेथे सभेला जावे आणि निविदेत पाहावे: वीस वर्षांनी नळ फुटला तर तो कसा दुरुस्त होणार, कॅमेरा आणि पाण्याच्या जोराची गाडी खरेदीत आहे की नाही, मॅनहोल यंत्र जाईल एवढे रुंद आहे का. आणि घरची टाकी बांधतानाच झाकण मोठे ठेवावे, दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवावी, म्हणजे तळाशी गाळ घट्ट होत नाही व उतरायला कोणी लागत नाही.