कुशल

॥ राम कृष्ण हरि ॥

सज्जनहो, पखवाजी बुवांचा हात चांगला पडला म्हणजे आपण म्हणतो, "बुवा मोठे कुशल आहेत हो!" आणि घरी पत्र लिहिताना आरंभी काय लिहितो? "येथील सर्व कुशल, तुमचे कुशल कळवावे." पखवाजातले कुशल म्हणजे हातोटी, पत्रातले कुशल म्हणजे क्षेम. शब्द एकच. हे दोन अर्थ एका घरात कसे नांदतात?

जुने पंडित सांगतात, कुश म्हणजे दर्भ. तो जो आणतो तो कुशल. दर्भाच्या पात्याला धार असते. मूठ चुकली की बोट कापलेच. दर्भ तर आणायचा आणि हातही राखायचा, त्याला जाणता माणूसच पाहिजे. कर्माचेही तसेच आहे. टाकून चालत नाही, आणि धरावे तर 'मी केले' ही धार लागते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, पन्नासाव्या श्लोकात, भगवंतांनी कर्मातील कौशल्यालाच योग म्हटले. लोकमान्यांनीही १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त योग म्हणजे कर्म करण्याची युक्ती, असाच अर्थ धरला.

ही धार मला लागलेली आहे. एका गावी कीर्तन फार रंगले. दृष्टांतावर दृष्टांत दिले, माना डोलल्या. मी मनात फुगलो. उठताना एक म्हातारी पाया पडून म्हणाली, "महाराज, बोलले तं लय छान, पन अभंग कोन्ता होता जी?" झाले! माझे कसब दिसले, पण देव झाकला गेला.

आता शेगावी चला. २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. देविदास पातुरकरांच्या घरी पंगत उठली होती. वाढणारे कुशल असतीलच. भरल्या पंगतीत वाढणे काही सोपे नव्हे. पण उष्ट्या पत्रावळीवर राहिलेल्या शितांकडे कोणाचे लक्ष? ती शिते वेचून खाताना श्रीगजानन महाराज बंकटलाल व दामोदरपंतांच्या दृष्टीस पडले. अन्न हे ब्रह्म, असे आपण तोंडाने म्हणतो. महाराजांनी ते बोटांनी वेचून दाखविले.

त्याच शेगावात आज सेवेकरी पाळीने येतात. कोणी झाडतो, कोणी वाढतो, कोणी पादत्राणे सांभाळतो. त्यांचे नाव कोणी विचारीत नाही. पण दमून आलेला वारकरी दोन घास सुखाने खाऊन उठतो. हातोटी आपली, क्षेम दुसऱ्याचे! कुशल शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एक झाले.

म्हणून बाबांनो, टाळ धरा, नांगर धरा की लेखणी धरा, हात तयार करावाच. गबाळेपणा म्हणजे भक्ती नव्हे. मात्र रात्री निजताना स्वतःला एवढे विचारावे: आज माझ्या कौशल्याने कोणाचे कुशल झाले?

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥