पायांना दोष देऊ नकोस

बस. चहा नंतर. आधी ऐकून घे.

‘सर, वय झालं, आता पाय साथ देत नाहीत,’ हे वाक्य माझ्या ओट्यावर पुन्हा काढायचं नाही. वसई-विरारच्या शर्यतीत शेवटचे दहा किलोमीटर तू निम्मे चालत आणि निम्मे लंगडत काढलेस. तिसऱ्याच दिवशी पहाटे माहीम-केळवे रस्त्यावर पुन्हा पळताना दिसलास. पुढच्या रविवारी वाघोबा खिंडीत गेलास, तेही निम्म्या वयाच्या पोरांबरोबर, त्यांच्या वेगाने. आणि आता जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन करायची म्हणतोस. एवढं सगळं करून दोष कुणाला, तर पायांना! पन्नाशी उलटेपर्यंत ज्यांनी तुझं ओझं वाहिलं त्यांच्याबद्दल असं बोलताना जीभ कचरत नाही तुझी?

खिंड उतरताना मी तुला पाहिलं आहे. मनोरहून येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. तुझं डावं पाऊल फटफट आपटत होतं, गुडघा धड वाकत नव्हता, खांदे कानाला टेकलेले. मांडी धक्का पेलेनाशी झाली की पाऊल असंच आपटतं. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो आणि त्याचे तंतू सगळ्यात जास्त तिथेच दुखावतात. ही मोडतोड पंचविशीत लवकर भरून येते. पन्नाशीनंतर तिला जास्त दिवस लागतात, कारण स्नायूची डागडुजी करणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि ज्या उरतात त्याही कामाला उशिरा लागतात. तुझ्या घरी पानाची वाडी आहे ना? पानं खुडून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच वेलीवर टोपली घेऊन जातोस का? वेलीला वेळ देतोस आणि स्वतःच्या मांडीला देत नाहीस!

वय काय नेतं आणि काय ठेवतं, एवढं तरी समजून घे. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके वयाबरोबर उतरतात, ते कुणालाच चुकत नाही. त्यामुळे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडाही उतरतो. बसून राहणाऱ्या माणसाचा दर दहा वर्षांत साधारण 10 टक्क्यांनी उतरतो, सातत्याने मेहनत करणाऱ्याचा त्याहून बराच हळू. आणि ते मनगटावरचं घड्याळ ‘220 वजा वय’ करून जो आकडा दाखवतं, त्याच्यावर जीव टाकू नकोस. माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

स्नायूंचं गणित वेगळं आहे आणि ते तू स्वतः करून पाहिलं आहेस. शाळेच्या मैदानावर नववीच्या मुलांबरोबर भिंतीला पाठ लावून बिनखुर्चीचा बसलास, आठवतं? पोरं एकेक करून घसरली, तू तसाच बसून होतास. फुगलास तेव्हा. मग मी तुम्हा सगळ्यांना छोट्या छोट्या धावा लावल्या, मध्ये थोडीच उसंत. पहिल्या दोनांत तू त्यांच्या बरोबर होतास. नंतर प्रत्येक धावेत मागे पडत गेलास आणि शेवटी कमरेवर हात ठेवून उभा राहिलास. मला जे दाखवायचं होतं ते त्यातच होतं, पण तू वही उघडी ठेवून खिडकीबाहेर बघणारा विद्यार्थी, आजही तसाच.

पाठीच्या कण्यातून स्नायूंकडे जाणाऱ्या चेतातंतूंपैकी काही वयाबरोबर मरतात. जलद, जोरकस आकुंचन करणारे तंतू आधी पोरके होतात. त्यातले काही वाळून जातात, काहींना शेजारचा संथ चेतातंतू पोटाशी घेतो आणि तेही संथ होतात. म्हणून एकाच ठिकाणी जोर धरून ठेवायच्या कामात म्हातारा स्नायू तरुणाच्या बरोबरीने टिकतो, कधी जास्तही टिकतो. पण भराभर आकुंचन पावायचं काम आलं की तोच लवकर थकतो. मुंबईला परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तेव्हा मांडीतले संथ तंतू दमलेले असतात आणि जलद तंतूंना हाक जाते. तुझ्याकडे ते आधीच कमी. जे आहेत ते आठवड्याला चार वेळा जोरात पळून तू शर्यतीआधीच संपवतोस.

म्हणजे वयाने तुझा सगळा दम नेलेला नाही. वेग थोडा नेला आणि सावरायचा वेळ वाढवला. कार्लोस लोपेसने 1984 साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकची मॅरेथॉन 37 व्या वर्षी जिंकली आणि पुढच्याच वर्षी रॉटरडॅमला 2 तास 7 मिनिटं 12 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. कॅनडाचा एड व्हिटलॉक 2004 साली, वयाच्या 73 व्या वर्षी, टोरांटोला 2 तास 54 मिनिटांत आला. 85 व्या वर्षीही त्याने मॅरेथॉन चार तासांच्या आत संपवली. तो सराव कसा करायचा, माहीत आहे? घराजवळच्या दफनभूमीत संथ फेऱ्या, तासन् तास, कुणाशीही स्पर्धा न लावता. जोर काढायचा तो शर्यतीत. तुला रोज सकाळी कुणाला तरी मागे टाकायचं असतं. केळव्याच्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्या मुंबईच्या पोराला मागे टाकून तुला काय मिळतं?

आता पोटाचं. सकाळी चहा-पाव, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. प्रथिनांना म्हातारा स्नायू तरुण स्नायूइतकी दाद देत नाही, त्याला एका जेवणात जास्त लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 0.4 ग्रॅम, म्हणजे तुझ्यासारख्या 65 किलोच्या माणसाला एका वेळेला 25 ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, हिशेब तूच कर. घरात वाल आहेत, दूध-दही आहे, सातपाटीची मासळी दारात येते, सुके बोंबील डब्यात पडून आहेत. तरी दुकानातल्या पावडरीच्या डब्याची चौकशी करत माझ्याकडे येतोस!

वजन उचलणं म्हणे पोरांचं काम. चूक. पोरांपेक्षा तुला त्याची जास्त गरज आहे. जे जलद तंतू शिल्लक आहेत ते जड वजनाला जागे होतात. आठवड्यातून दोनदा बैठका, पाठीवर पोतं घेऊन पायऱ्या, टाचा उचलणं. थोड्याच वेळा, पण जड. एक दिवस जोराचा, मग दोन दिवस इतकं हळू की सोबतच्याशी गप्पा मारता याव्यात. खिंड महिन्यातून एकदाच, आणि उतरताना चालत.

त्या वेदनाशामक गोळ्या इथे टेबलावर काढून ठेव. शर्यतीआधी दोन घेतोस, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं, तुझ्याकडून नाही. याचा राग जास्त आहे. घामाने अंगातलं पाणी उतरलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. शिवाय दुखणं हीच तर खूण असते थांबायची, आणि तू तीच पुसून टाकतोस.

आणि एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिच्यावर चर्चा नाही. विरारला छाती आवळल्यासारखी झाली होती, दोन मिनिटं थांबलो आणि बरं वाटलं, असं तू मघाशी बोलताबोलता सांगून टाकलंस. त्यालाही ‘थकवा’च म्हणालास. स्नायूचा थकवा मांडीत असतो, पोटरीत असतो. जोर लावल्यावर छातीत येऊन थांबल्यावर जाणारी कळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांची असू शकते. पस्तिशीपुढच्या खेळाडूंचा खेळताना अचानक जीव जातो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा कारण तेच निघतं. वर्षानुवर्षं पळणारा माणूस त्यातून सुटतोच असं नाही.

तेव्हा उद्या बूट घालायचे नाहीत. चहा पी आणि तडक पालघरला जा. हृदयाच्या डॉक्टरांना आजच दाखवायचं. छातीतलं काही न लपवता सांगायचं, गोळ्यांचंही सांगायचं, आणि ते म्हणतील त्या तपासण्या करायच्या. ते ‘पळ’ म्हणेपर्यंत एक पाऊलही पळायचं नाही, मग मुंबईची शर्यत गेली तरी चालेल. वाटेत कळ आली तर तिथेच थांबून कुणालाही हाक मार. एकट्याने जाऊ नकोस, बायकोला बरोबर ने. कागद हातात आले की दोघं माझ्याकडे या.