‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणण्याआधी

कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला येणारी माणसं दोन गोष्टी हमखास आणतात, शहाळं आणि सल्ला. शहाळं निरुपद्रवी असतं. सल्ला ठरलेला: मन खंबीर ठेव, पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार तिथेच पळतो. पुढे गाठ पुन्हा वाढली की तीच मंडळी बाहेरच्या बाकड्यावर कुजबुजतात, ‘तिनं मनानंच हार मानली हो.’ पेशींचा दोष असा अलगद स्वभावावर ढकलला जातो. नोकरकपातीनंतर उरलेल्यांसाठी भरवलेल्या प्रेरणादायी सत्रांतही हाच प्रकार चालतो, फक्त तिथे शहाळ्याऐवजी समोसा असतो.

आशावाद ही ज्याची त्यानं मनाशी करायची निवड आहे आणि ती न करणारा आपल्या दुःखाला आपणच जबाबदार, ही समजूत आता इतकी रुळली आहे की ती अनादी वाटावी. तशी ती नाही.

तत्त्वज्ञ लाइब्निझनं 1710 मध्ये ‘थिओडिसी’ लिहून देवानं घडवलेलं हे जग शक्य त्यातलं सर्वोत्तम आहे असं मांडलं, तेव्हा वाद देवाच्या न्यायाचा होता, माणसाच्या मूडचा त्यात संबंध नव्हता. 1755 मध्ये ऐन सणाच्या सकाळी लिस्बन भूकंपानं कोसळलं आणि चार वर्षांनी व्होल्तेरनं ‘कांदीद’मध्ये त्या मताची यथेच्छ खिल्ली उडवली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फिनिअस क्विंबीसारख्या मनोपचारकांनी हा मामला विश्वातून उचलून थेट डोक्यात आणून ठेवला: आजाराचं मूळ चुकीच्या समजुतीत. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं 1902 मध्ये या पंथाची आपुलकीनं दखल घेतली, पण दुःखाकडे पाठ फिरवणारं तत्त्वज्ञान अपुरं पडतं, असंही बजावलं. नॉर्मन व्हिन्सेंट पील या पाद्र्याच्या सकारात्मक विचारांवरच्या, 1952 मधल्या गाजलेल्या पुस्तकात जेम्सच्या या इशाऱ्याला फारशी जागा उरली नाही. त्या पुस्तकाचे वंशज आपल्याकडच्या स्टेशनांवरच्या स्टॉलवर आजही भेटतात.

इथवर फारसा वाद नाही. घोटाळा पुढे आहे. पीलनं जे श्रद्धेनं सांगितलं ते मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मननं प्रयोगशाळेत सिद्ध केलं, असं व्याख्यानांतून बेधडक सांगितलं जातं. मूळ प्रयोग नीट पाहिला तर तो जवळजवळ उलट दिशेला बोट दाखवतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1960 च्या दशकात सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना जोडीजोडीनं विजेचे झटके दिले. (प्रयोग क्रूर होता, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.) जोडीतल्या एका कुत्र्याला डोक्यानं फळी दाबून झटका थांबवता येत होता. दुसऱ्याचा झटका थांबायचा तो पहिल्यानं फळी दाबली की; त्याच्या स्वतःच्या धडपडीला काहीच किंमत नव्हती. म्हणजे वेदना दोघांना सारखीच. नंतर दोघांना मध्ये बुटका आडोसा असलेल्या पेटीत ठेवलं. तिथे पलीकडे उडी मारली की झटक्यातून सुटका. पहिल्या गटातली कुत्री उडी मारायला शिकली. दुसऱ्या गटातली सुमारे दोन तृतीयांश मात्र कण्हत तिथेच पडून राहिली.

खरा धडा त्यापुढचा. पडलेल्या कुत्र्यांना उठवायचं कसं? पलीकडून हाका मारून झाल्या, आडोसा काढून झाला, खाण्याचं आमिष दाखवून झालं. अखेर गळ्यात पट्टा बांधून त्यांना या बाजूकडून त्या बाजूला ओढून न्यावं लागलं, तेही पुन्हा पुन्हा. आपण हललो की झटका थांबतो, हे अंगाला कळल्यावरच ती आपल्या पायांनी पलीकडे जाऊ लागली.

मायर आणि सेलिग्मन यांनी 2016 मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे, असहायता शिकली जाते हा आपलाच जुना सिद्धान्त फिरवला. दीर्घकाळ त्रास झाला की गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की आपल्या कृतीनं काही बदलतं. हा उलटफेर किरकोळ नाही. खचलेला माणूस काही चुकीचं ‘निवडत’ नसतो. त्याच्या वाट्याला सुटकेचा अनुभव आलेला नसतो, आणि तो अनुभव देणं पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या हातात असतं.

गैरसमजाला सेलिग्मनही थोडे जबाबदार आहेत. आशावाद शिकता येतो, असं 1990 मध्ये पुस्तकाच्या नावातच जाहीर केल्यावर लोकांनी पील आठवला तर नवल काय? अपयशाचा अर्थ आपण कसा लावतो यावर पुढची धडपड ठरते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे आणि विमा एजंटांवर त्यांनी ते तपासलंही. पण एजंटाला दहा दारांवरून परत फिरवलं तरी अकरावं ठोठावायला फारसा खर्च येत नाही. विमानाच्या पंखांवरचं बर्फ आणखी एकदा काढायचं की नाही, हे ठरवणाऱ्या वैमानिकानं आशावादी असू नये, हे त्याच पुस्तकात लिहिलं आहे. सत्रांत तेवढं पान वगळलं जातं.

आणि कॅन्सरचं? जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये डोक्याच्या व मानेच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाची भावनिक अवस्था आणि तो किती जगला, यांचा संबंध त्यात आढळला नाही. प्रसन्न राहण्यानं दिवस सुसह्य होत असतील, त्याला कुणाची ना नाही. पण रडणाऱ्या बाईनं आपला आजार वाढवला, असं म्हणायला त्यात काडीचा आधार नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला शहाळं जरूर न्या. सल्ल्याऐवजी केमोच्या तारखा विचारून घ्या आणि त्यातल्या एका दिवशी सोबत जा. खर्चाची पंचाईत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. रुग्णाचं रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांच्याकडे तुम्ही चौकशी करा, रुग्णाला खेटे घालायला लावू नका.